ॲपमध्ये ‘सामान्य’ आलं, तरी वजनाची रेघ का बघायची?

घरात दोन-तीन वर्षांचं मूल असेल तर हे तुम्ही पाहिलंच असेल. महिन्यातून एकदा अंगणवाडीत वजन होतं. ताई काट्यावरचा आकडा वाचतात, मोबाईलमध्ये टाकतात, उंची टाकतात, आणि मुलाच्या नावापुढे शेरा येतो: सामान्य, मध्यम कमी वजन किंवा तीव्र कमी वजन. वहिनी शेरा ऐकतात आणि पोराला कडेवर घेऊन घरी येतात. त्याच घरात ओसरीवर आजोबांच्या दंडाला बीपीच्या मशीनचा पट्टा गुंडाळलेला असतो. मशीन १५२/९४ दाखवतं. आजोबा म्हणतात, “आत्ताच शेतातून आलोय, म्हणून वाढलं असंल.”

पूर्णा तालुक्यातलं ताडकळस असो की पुण्यातली सोसायटी, आजार लवकर पकडायची पद्धत आतून एकच आहे. मोजायचं, तो आकडा कशाशी तरी ताडून बघायचा, आणि फरक जास्त वाटला तर डॉक्टरकडे पाठवायचं. यातलं ताडून बघण्याचं काम आता बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअर करतं. ते नेमकं काय करतं आणि त्याला काय दिसत नाही, हे घरातल्या निदान एका माणसाला माहीत पाहिजे. ज्याच्या हातात दिवसभर फोन असतो त्यानेच ही जबाबदारी घेतलेली बरी.

शेरा ठरतो कसा?

अंगणवाडी ताईंच्या फोनमध्ये असतं ते ॲप म्हणजे ‘पोषण ट्रॅकर’. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने ते मार्च २०२१ मध्ये आणलं. मुलाचं वजन कमी आहे की नाही हे ॲप स्वतःच्या मनाने ठरवत नाही. ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या तक्त्यांशी तुलना करतं.

हे तक्ते कुठून आले ते बघण्यासारखं आहे. १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे ८,५०० मुलांची मापं घेतली गेली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. मुद्दाम अशी मुलं निवडली की ज्यांना आईचं दूध मिळतंय, ज्यांची आई सिगारेट ओढत नाही आणि घरची परिस्थिती वाढीच्या आड येत नाही. निष्कर्ष असा निघाला की परिस्थिती बरी असेल तर पहिल्या पाच वर्षांत दिल्लीचं मूल आणि ओस्लोचं मूल उंचीने जवळपास सारखंच वाढतं. त्यामुळे “आपल्या मराठवाड्यातली पोरं मुळातच बारीक असतात” हे वाक्य घरात कुणी म्हटलं, तर ते सहज सोडून देऊ नका.

आता गणित. प्रत्येक महिन्याच्या वयासाठी, मुलगा आणि मुलगी वेगवेगळे धरून, तक्त्यात तीन आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे मधलं वजन. दुसरा सांगतो की मुलांची वजनं या मध्यापासून किती पसरलेली असतात. तिसरा आकडा हा पसारा एका बाजूला कललेला असेल तर तो सरळ करून घेतो. या तिघांवरून सॉफ्टवेअर काढतं तो झेड-स्कोअर, म्हणजे तुमचं मूल मध्यापासून किती पावलं वर किंवा खाली आहे. पावलाची लांबी वयाप्रमाणे बदलते, एवढंच. उणे दोन पावलांच्या खाली गेलं की ‘मध्यम कमी वजन’, उणे तीनच्या खाली ‘तीव्र’.

आकड्यांत सांगायचं तर दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाचं मधलं वजन १२.२ किलो. ९.७ च्या खाली मध्यम, ८.६ च्या खाली तीव्र. त्याच वयाच्या मुलीसाठी हे आकडे ११.५, ९.० आणि ८.१.

उंचीचंही असंच. वयाच्या मानाने उंची कमी असेल तर कमतरता बरेच दिवस चालू आहे असं समजतात. उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर अलीकडेच काहीतरी बिघडलंय, आणि तो प्रकार जास्त तातडीचा.

ठिपका हिरवा, रेघ आडवी

एक काल्पनिक मुलगा घेऊ. १२ व्या महिन्यात वजन ९.२ किलो, १८ व्या महिन्यात ९.८ आणि २४ व्या महिन्यात ९.९. तिन्ही वेळा ॲप म्हणणार ‘सामान्य’, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे, कारण तो एकदाही उणे दोनच्या खाली गेला नाही.

पण पावलं मोजून बघा. १२ व्या महिन्यात तो मध्यापासून ०.४ पाऊल खाली होता, १८ व्या महिन्यात १ पाऊल, २४ व्या महिन्यात १.८. शेवटच्या सहा महिन्यांत वाढलं फक्त १०० ग्रॅम. उणे एकच्या रेषेवरून नीट चालणारं मूल त्याच सहा महिन्यांत साधारण १ किलो वाढतं. हा मुलगा हिरव्या पट्ट्यातच आहे, पण थांबलेला आहे. पुढच्या एक-दोन महिन्यांत तो पिवळ्यात जाईल, मग सगळे जागे होतील. तोपर्यंत कारण जे काही असेल ते निम्मं वर्ष आत बसलेलं असेल. सारखे जुलाब, जंत, अंगावरचं दूध कमी झाल्यावर वरचं खाणं पुरेसं न होणं, क्षयरोग, हृदयाचा त्रास, काहीही असू शकतं. त्यातलं कोणतं हे डॉक्टर ठरवतील. पण डॉक्टरकडे नेण्याइतकी माहिती त्या तीन आकड्यांत आधीच होती.

आता शेजारचा दुसरा मुलगा, तोही काल्पनिक. त्याच तीन वयांना ७.६, ८.७ आणि ९.६ किलो. तिन्ही वेळा शेरा ‘मध्यम कमी वजन’. याची रेघ मात्र उणे दोनच्या रेषेला समांतर चालली आहे. यालाही तपासायचंच, त्यात वाद नाही. पण दोघांपैकी आधी कुणाकडे धावायचं असं मला विचाराल तर मी पहिल्याचं नाव घेईन, ज्याच्याबद्दल घरात कुणालाच काळजी नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात हे रोजचं आहे. सर्व्हरची डिस्क ९० टक्के भरली की अलार्म वाजतो. पण ज्याला रात्री झोप हवी असते तो माणूस ‘किती भरली’ यासोबत ‘किती वेगाने भरतेय’ हेही बघतो. शेरा हा ठिपका आहे आणि आजार लवकर दिसतो तो रेघेत.

ही रेघ बघायला नवीन ॲप लागत नाही. गरोदरपणात मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड कपाटात असेलच. त्यात मुलाचा आणि मुलीचा वेगळा आलेख रंगीत पट्ट्यांसह छापलेला असतो. दर महिन्याचा ठिपका मांडून ते जोडत जायचे. ठिपके मांडलेले नसतील तर ताईंकडून जुनी वजनं विचारून घ्या आणि स्वतः मांडा, दहा मिनिटांचं काम आहे. रेघ वर चढत असेल तर ठीक. आडवी झाली किंवा खाली वळली तर रंग कुठलाही असो, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

दोन गोष्टींसाठी मात्र रेघेची वाट बघायची नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर सूज असून बोटाने दाबल्यावर खड्डा राहिला, तर ते तीव्र कुपोषण धरतात आणि त्याच दिवशी दाखवायचं असतं. दंड मोजायची रंगीत पट्टी ताईंकडे आणि आशाताईंकडे असते.

आकडाच चुकला तर?

रेघेचा भरवसा ठिपक्यांवर असतो. काटा शून्यावर नसेल, थंडीत स्वेटरसकट वजन केलं, तर १०० ग्रॅमचा हिशोब तिथेच संपला. एक गंमत बहुतेकांना माहीत नसते. दोन वर्षांच्या आतल्या मुलाची लांबी झोपवून मोजतात आणि त्यानंतर उंची उभं करून. झोपवून घेतलेलं माप साधारण ०.७ सेंटीमीटरने जास्त येतं. दीड वर्षाच्या मुलाला उभं करून मोजलं आणि तसंच नोंदवलं तर ते कागदावर उगाच खुजं होतं. जन्मतारीख एका महिन्याने चुकीची असली तरी तुलना चुकीच्या ओळीशी होते.

यात सगळा दोष ताईंच्या माथी मारणं सोपं आहे, पण बरोबर नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. तक्रारी अगदी तांत्रिक होत्या: फोनची रॅम जेमतेम २ जीबी, फोन तापतो, अडकतो, आणि पोषण ट्रॅकरमध्ये माहिती इंग्रजीत भरायची. पुढे ॲपमध्ये मराठी आली. ज्यांच्या नोंदीवर लाखो मुलांची रेघ उभी आहे त्यांना चालणारा फोन आणि आपल्या भाषेतली स्क्रीन न देता ॲप पुढे ढकलणं, हे एक सॉफ्टवेअरवाला म्हणून मला वाईट इंजिनिअरिंग वाटतं.

मराठवाड्यात आणखी एक भोक आहे, ऊसतोडीचं. दिवाळीच्या आसपास आई-बाप कारखान्याकडे गेले की लहान मूलही कोपीवर जातं, आणि चार-पाच महिने वजनाचा ठिपकाच पडत नाही. रेघ तुटते ती नेमकी खाण्यापिण्याची आणि थंडीची आबाळ असते तेव्हा. स्थलांतरित कुटुंबांची नोंद राहावी म्हणून राज्याच्या महिला व बालविकास विभागाने २०२२ मध्ये ‘महा-एमटीएस’ नावाचं ॲप आणलं. कुणी नात्यातलं तोडीला जात असेल तर निघण्याआधी अंगणवाडीत सांगून जायला सांगा, आणि कार्डाच्या त्या पानाचा फोटो त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. तिकडच्या अंगणवाडीत तो दाखवला तर रेघ तिथून पुढे चालू राहते.

लाल दिवा म्हणजे आजार नव्हे, चाळणी

इथे अनेकांचा गोंधळ होतो. अंगणवाडीतलं वजन, शाळेतली तपासणी, हातातल्या घड्याळाचा इशारा, या सगळ्या चाळण्या आहेत. चाळणी मुद्दाम जरा बारीक ठेवतात. गहू निसटण्यापेक्षा चार खडे जास्त आलेले परवडतात.

समजा १,००० मुलांपैकी १० जणांना एखादा आजार आहे. आपली तपासणी बऱ्यापैकी चांगली आहे: आजारी असलेल्या १० पैकी ९ पकडते, आणि निरोगी असलेल्या दर १० पैकी फक्त १ मुलावर चुकून लाल खूण करते. मग लाल खूण किती जणांवर? आजारी ९, आणि निरोगी ९९० पैकी ९९. एकूण १०८. म्हणजे लाल खूण आलेल्या दर १२ मुलांत खरा आजारी एकच. यात तपासणी वाईट नाही. आजार दुर्मीळ असला की हिशोब असाच येतो. म्हणून लाल आलं की रडारड नको, आणि “मागच्या वेळी पण आलं होतं, काही निघालं नाही” म्हणून दुसरी तपासणी टाळणंही नको.

स्मार्टवॉचवर झालेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, ॲपल हार्ट स्टडी. ४,१९,२९७ लोकांनी भाग घेतला. हृदयाचे ठोके अनियमित असल्याचा इशारा आला २,१६१ जणांना, म्हणजे सुमारे अर्धा टक्का. त्यांच्यापैकी ४५० जणांनी छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती तपासायला परत पाठवली, तेव्हा ३४ टक्के लोकांत खरोखर ती अनियमितता सापडली. उरलेल्यांना काहीच नव्हतं असंही म्हणता येत नाही, कारण हा प्रकार येतो-जातो. आणि बाकीच्या बऱ्याच जणांची पट्टी परतच आली नाही. चाळणीचं खरं दुखणं तिथेच आहे: इशारा मिळतो, पुढची पायरी राहून जाते.

आपल्याकडे पुढच्या पायरीची सोय कागदावर तरी चांगली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. त्यातलं डॉक्टरांचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय शाळेत एकदा येतं. जन्मतःचे दोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर, अशा चार गोष्टी १८ वर्षांपर्यंत बघतात. काही आढळलं तर पुढे पाठवतात, आणि शस्त्रक्रिया लागली तरी ती या कार्यक्रमात मोफत असते. आपल्या भागात पुढे म्हणजे बहुतेक वेळा परभणीला. एक दिवसाची मजुरी बुडते, बस बदलावी लागते, त्यामुळे चिठ्ठी डब्यात राहते. घरातल्या शिकलेल्या भाच्याने किंवा काकाने सोबत जाणं इथे कुठल्याही ॲपपेक्षा जास्त उपयोगाचं.

उशिराची किंमत प्रत्येक आजारात सारखी नसते. बाळाच्या कानाचं उदाहरण घ्या. डॉक्टर १-३-६ हा नियम सांगतात: पहिल्या महिन्यात ऐकण्याची चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू. कारण मेंदू बोलणं शिकतो ते ऐकूनच, आणि तो काळ पुन्हा येत नाही. “याचे बाबा पण उशिरा बोलले होते” म्हणत तीन वर्षं काढलेली घरं तुमच्याही ओळखीत असतील.

तिशीनंतरची चाळणी: आशाताईंचा फॉर्म

मोठ्यांसाठी सर्वात स्वस्त अल्गोरिदम कागदावर आहे. ३० वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आशाताई एक प्रश्नावली भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, आणि आई-वडील किंवा भावंडांत बीपी, शुगर, हृदयाचा आजार आहे का. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज ४ पेक्षा जास्त आली तर त्या माणसाची तपासणी आधी. कमरेसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटरच्या वर गुण लागायला सुरुवात होते. तपासणी मात्र ३० वर्षांवरच्या सगळ्यांचीच करायची असते: बीपी, शुगर, आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग.

आपल्याकडे तोंडाचं विशेष बघायला हवं. तंबाखू-चुना मळणाऱ्या किंवा गुटखा खाणाऱ्या माणसाला आरशासमोर तोंड उघडायला सांगा. स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर थांबू नका. फोनचा टॉर्च इथे खरोखर कामाचा आहे.

मग फोनच बीपी मोजेल का?

नाही. कॅमेऱ्यावर बोट ठेवलं तर फोन नाडी मोजू शकतो, ते खरं. प्रत्येक ठोक्याला बोटात रक्त येतं, त्यामुळे फ्लॅशचा प्रकाश थोडा कमी-जास्त परततो, आणि कॅमेरा ते मोजतो. पण त्यावरून दाब काढणं वेगळी गोष्ट. ‘इन्स्टंट ब्लड प्रेशर’ नावाचं पैसे देऊन घ्यायचं ॲप २०१४-१५ मध्ये अमेरिकेत जोरात विकलं गेलं. २०१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ते तपासलं, तेव्हा बीपी वाढलेल्या दर १० पैकी जवळजवळ ८ लोकांना ॲपने ‘ठीक आहे’ असं सांगितलं होतं. त्याच वर्षी तिथल्या सरकारी ग्राहक संरक्षण संस्थेने कंपनीवर कारवाई केली. खोटा लाल दिवा माणसाला एक फेरी मारायला लावतो. खोटा हिरवा माणसाला घरीच बसवतो, आणि तो जास्त महागात पडतो.

दंडाचं डिजिटल मशीन मात्र खरं मोजतं. पट्टा फुगून रक्त अडवतो, मग हळूहळू सैल होतो. मधल्या काळात शिरेची धडधड पट्ट्यातल्या हवेला हलवते. हे हलणं सर्वात जास्त कुठे होतं ते मशीन पकडतं आणि त्यावरून वरचा-खालचा आकडा हिशोबाने काढतं. म्हणून हात हलला, आजोबा मध्येच बोलले, पट्टा दंडाच्या मानाने लहान असला की आकडा बदलतो. लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, आणि मोजताना गप्पा बंद.

आजोबांचं १५२/९४ म्हणूनच आजार ठरत नाही आणि शेतातून आल्याचं निमित्तही ठरत नाही. इथेही रेघच बघायची. सात दिवस, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, एका मिनिटाच्या अंतराने मोजा आणि फोनच्या नोट्समध्ये तारखेसकट लिहा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर ती यादी घेऊन आरोग्य केंद्रात जा. डॉक्टरांसाठी ती यादी एका वेळच्या आकड्यापेक्षा कितीतरी कामाची असते. गोळी चालू असेल तर यादी चांगली आली म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका, ती गोळीमुळेच चांगली आलेली असू शकते.

आकडा १८०/१२० च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यातलं काहीही असेल, तर सात दिवस काय, सात मिनिटंही मोजत बसायचं नाही. १०८ ला फोन लावायचा.